घरबसल्या श्रवण : वेबकॅमची निवड आणि विनियोग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी बोललेले वक्ते शास्त्राभ्यासी आहेत. मी वाणिज्य शाखेचा एक पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी. ट्रस्टच्या कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण सांभाळणाऱ्या आपल्या तरुणांबरोबर खरेदी व हिशेब पाहण्यासाठी मी बसत असतो, एवढ्याच अधिकाराने हा विषय माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. विषय यंत्राचा असला तरी त्यामागचा प्रश्न माणसांचा आहे. ट्रस्टच्या स्थापनेच्या वेळी ज्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमविली, त्यांच्यापैकी हयात असलेले बहुतेक ज्येष्ठ आज सभागृहाच्या पायऱ्या चढू शकत नाहीत. ज्यांनी ही वास्तू उभी केली त्यांनाच तिच्यातील शब्द ऐकू येऊ नयेत, ही गोष्ट सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या मनाला लागली पाहिजे. त्यांच्यापर्यंत हा शब्द स्वच्छपणे कसा पोहोचवावा, याचाच विचार आज यथामति मांडणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्याने दूरचे दृश्य दाखविण्याचा प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली झाला. तेथील ट्रोजन रूम नावाच्या खोलीत कॉफीचे एक सामाईक भांडे असे. इतर मजल्यांवरील संशोधक जिने चढउतार करून तेथे येत आणि भांडे रिकामे पाहून परत जात. हा हेलपाटा वाचावा म्हणून त्यांनी भांड्यासमोर कॅमेरा बसविला व त्याचे लहानसे कृष्णधवल चित्र प्रत्येकाच्या संगणकावर दिसेल अशी योजना केली. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर जगाला खुले झाले आणि २००१ मध्ये तो कॅमेरा बंद करण्यात आला. घरोघरच्या संगणकासाठी क्विककॅम नावाचा कॅमेरा कनेक्टिक्स या अमेरिकन कंपनीने १९९४ साली बाजारात आणला. १९९८ मध्ये लॉजिटेक कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. पुढे २००३ च्या सुमारास यूएसबी कॅमेऱ्यांसाठी एक समान मानक ठरले. त्यामुळे आज बहुतेक वेबकॅम वेगळे सॉफ्टवेअर न घालता, वायर जोडताच चालू होतात. ज्याला जिना चढणे अवघड आहे त्याचा हेलपाटा वाचावा, हा या यंत्राचा मूळ हेतू आपल्या गरजेशी किती जुळतो हे आपल्या लक्षात आलेच असेल.

आपल्या समाजाला या साधनाची खरी ओळख २०२० साली झाली. मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली, मंदिरे बंद झाली आणि चातुर्मासात व्याख्याने, स्वाध्याय, शोकसभा हे सारे मोबाईलच्या पडद्यावर आले. त्या वर्षीच्या पर्युषणात मुंबईतील दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरे अखेरच्या दोन दिवसांसाठी उघडण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवावी लागली, हे आपणांस स्मरत असेल. त्या काळात मिळेल तो कॅमेरा घेऊन काम भागविणे क्षम्य होते, कारण चांगले वेबकॅम बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले होते. आज ती अडचण नाही. म्हणून आता निवड विचारपूर्वक व्हावी.

खरेदीपूर्वी मर्यादेचा विचार आवश्यक आहे. आपल्या अनेक परंपरांत साधु-साध्वीजी विजेची साधने वापरत नाहीत. कित्येक पूज्य महाराजसाहेब ध्वनिवर्धकसुद्धा स्वीकारत नाहीत. अशा ठिकाणी पाटासमोर गुपचूप कॅमेरा ठेवणे किंवा मोबाईल उंचावून चित्रण करणे हा अविनय होय. ज्या गुरुभगवंतांची अनुज्ञा असेल त्यांच्याच व्याख्यानाचे प्रक्षेपण व्हावे, आणि अनुज्ञा नसेल तर श्रोत्यांपैकी एखाद्याने टिपणे काढून ती घरोघर पोहोचवावीत. तो मार्ग जुना आहे, पण आजही उत्तम आहे. ट्रस्टची व्याख्यानमाला, विद्यार्थी गुणगौरव, वार्षिक सर्वसाधारण सभा, शोकसभा, पाठशाळेच्या मुलांचे कार्यक्रम अशा श्रावकांच्या उपक्रमांना मात्र हे साधन मोकळेपणाने वापरता येईल. जो श्रावक सामायिकात बसला आहे तो यंत्राला हात लावणार नाही, हे ध्यानात ठेवून यंत्रावर बसणारे कार्यकर्ते आधीच निश्चित करावेत.

आता निवडीकडे वळू. कापडाच्या दुकानात ग्राहक प्रथम काउंट विचारतो. काउंट जास्त म्हणजे कापड चांगले, अशी त्याची समजूत असते. सूत कोणते, विणकाम कसे, धुतल्यावर काय उरते हे तो नंतर शिकतो. वेबकॅमच्या खोक्यावरील मोठमोठ्या आकड्यांचे असेच आहे. ७२० म्हणजे १२८० गुणिले ७२०, अर्थात सुमारे ९ लाख २१ हजार ठिपक्यांचे चित्र. १०८० म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके. फोर-के म्हणजे जवळपास ८३ लाख. आपल्या घरच्या वृद्धांकडे पाच-सहा इंची मोबाईल किंवा मध्यम आकाराचा दूरदर्शन संच असतो. त्यांच्यासाठी १०८० पुरेसे आहे, किंबहुना व्यवस्थित प्रकाशातले ७२० सुद्धा समाधान देते. काही स्वस्त कॅमेऱ्यांत लहान संवेदकाचे चित्र ताणून मोठा आकडा छापलेला असतो. तो खळ चढवलेल्या कापडासारखा, पहिल्या धुण्यातच उघडा पडतो. म्हणून खोक्यावरील शब्दांवर विसंबू नये. विक्रेत्याकडून कॅमेरा संगणकाला जोडून घ्यावा आणि दुकानातल्या दिव्यांपासून दूर, जरा अंधाऱ्या कोपऱ्यातील चेहरा त्यात कसा दिसतो ते पाहावे. उजेडात सर्वच कॅमेरे चांगले दिसतात, कस लागतो तो कमी उजेडात.

दुसरी गोष्ट पन्ह्याची. कॅमेरा किती रुंद दृश्य पाहतो याला दृष्टिकोन किंवा कोन म्हणतात. लॉजिटेकचा सी-९२० हा २०१२ पासून प्रचलित असलेला कॅमेरा उदाहरणादाखल घेऊ. त्याचा कर्णकोन ७८ अंश, म्हणजे आडवा कोन सुमारे ७० अंश आहे. हिशेब केला तर ६ फुटांवर तो सुमारे साडेआठ फूट रुंदीचे दृश्य पकडतो. एक वक्ता, त्याचा पाट व बाजूची समई यांना तेवढा पन्हा पुरतो. हाच कॅमेरा सभागृहाच्या मागील भिंतीला, ३० फुटांवर लावला तर ४२ फूट रुंदीचे दृश्य येते आणि वक्त्याचा चेहरा संपूर्ण चित्राच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्श्याइतका रुंद उरतो. मग घरचे म्हणतात, कॅमेरा खराब आहे. वास्तविक कॅमेरा चांगला असतो, जागा चुकलेली असते. बहुतेक वेबकॅमना भिंगाचा खरा झूम नसतो. पडद्यावर मोठे केले की चित्र फक्त फाटते. म्हणून वेबकॅम वक्त्यापासून ५ ते ८ फुटांवर ठेवावा. मागूनच चित्रण करावयाचे असेल तर भिंगाचा झूम असलेला व्हिडिओ कॅमेरा आणि त्याचे चित्र संगणकात घेणारे कॅप्चर कार्ड लागते, ज्याचा खर्च अनेक पटींनी अधिक होतो.

तिसरी गोष्ट वायरची. १०८० चे चित्र सेकंदाला ३० वेळा, काहीही न दाबता पाठवावयाचे तर सेकंदाला सुमारे १०० कोटी बिट्स वाहून न्यावे लागतात. जुन्या यूएसबी २ जोडणीची कमाल क्षमता ४८ कोटींची आहे. म्हणून कॅमेरा स्वतःच चित्र दाबून पाठवितो, आणि हे दाबण्याचे काम ज्यात नीट होते तो कॅमेरा चांगला. यूएसबी २ ची साधी वायर ५ मीटरपेक्षा लांब चालत नाही. संगणक दूर ठेवावयाचा असल्यास मध्ये वीज घेणारी विशेष एक्स्टेंशन वायर घ्यावी. दोन साध्या वायरी एकमेकींना जोडून लांबविल्या की ऐन कार्यक्रमात चित्र नाहीसे होते. कॅमेऱ्याखाली तिपाईचा स्क्रू बसेल असे छिद्र आहे का आणि भिंग झाकण्याचे झाकण आहे का, हेही पाहून घ्यावे.

येथे कोणीही विचारील की, सर्वांच्या खिशात मोबाईल असताना वेगळा कॅमेरा कशाला? प्रश्न रास्त आहे. चांगल्या मोबाईलचा कॅमेरा पुष्कळदा वेबकॅमपेक्षा सरस असतो, आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून काही फोन वायर जोडून सरळ वेबकॅम म्हणून वापरता येतात. अडचण अशी की मोबाईल कोणाचा तरी असतो. ऐन व्याख्यानात फोन येतो, दीड तासात तो तापतो, मालकाला घरी जाण्याची घाई होते. संस्थेचे काम संस्थेच्या साधनावर चालावे. मात्र निधी जमेपर्यंत एखादा जुना, पण सुस्थितीतील मोबाईल तिपाईवर कायमचा लावून आरंभ करण्यास काहीच हरकत नाही.

आता वापराविषयी. कॅमेरा वक्त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा. वक्ता पाटावर बसणार असेल तर तिपाई खाली घ्यावी. वरून खाली पाहणारे चित्र आदराला शोभत नाही. वक्त्याच्या पाठीमागे खिडकी नको, कारण मागच्या उजेडाने कॅमेरा फसतो आणि चेहरा काळा पडतो. ग्राहकाला कापडाचा खरा रंग दाखवायचा तर आपण त्याला दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात नेतो. तोच न्याय येथे लावावा. वक्त्याच्या समोरून अथवा बाजूने खिडकीचा सौम्य प्रकाश येईल अशी बैठक केली की निम्मे काम झाले. एका बाजूला खिडकी व दुसऱ्या बाजूला पिवळा बल्ब, असा दोन रंगांचा प्रकाश टाळावा. त्यात पांढरे वस्त्र एकीकडे निळे व एकीकडे पिवळे दिसते.

या संदर्भात एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. उजळ चित्राच्या हौसेपायी सायंकाळी मोठे हॅलोजन लावले जातात. पावसाळ्यात अशा दिव्यांवर असंख्य कीटक येऊन मरतात. चातुर्मास हा तर जीवदयेचा विशेष काळ. आपण अहिंसेवरील भाषण दाखविण्यासाठी शेकडो जीवांचा घात करावा, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून प्रक्षेपणाचे कार्यक्रम शक्यतो दिवसाउजेडी ठेवावेत. रात्रीचा कार्यक्रम अपरिहार्य असेल तर दारे-खिडक्यांना जाळ्या लावून सौम्य दिवेच वापरावेत, आणि चित्र थोडे मंद दिसले तरी ते आनंदाने स्वीकारावे.

आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याची मांडणी ६० हर्ट्झवर असेल तर ट्यूबलाईटच्या प्रकाशात चित्रावर पट्टे सरकताना दिसतात. सेटिंगमध्ये ५० निवडले की दोष जातो. स्वयंचलित फोकस एकदा वक्त्यावर स्थिर करून बंद करावा, नाहीतर वक्त्याने हात उचलला की कॅमेरा हाताकडे पाहू लागतो. वस्त्रांबाबत माझ्या धंद्यातील सूचना द्यावयाची तर, बारीक चौकडी व बारीक रेघांचा शर्ट टाळावा. अशा विणीवर कॅमेऱ्याच्या ठिपक्यांची जाळी पडून लाटा उठल्यासारखे दिसते. फिकट एकरंगी कपडा सर्वोत्तम. पांढराशुभ्र कपडा आपल्या प्रसंगांना साजेसाच आहे, फक्त त्यामागे अगदी काळा पडदा नसावा.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा आहे, हे मी सर्वांत ठळकपणे सांगू इच्छितो. चित्र अडखळले तरी ज्येष्ठ मंडळी डोळे मिटून ऐकतात. आवाज अडखळला की ती यंत्र बंद करतात. वेबकॅममधील माईक पंख्याची घरघर, खुर्च्यांचा आवाज व भिंतींचा घुमारा हे सारे वक्त्याच्या शब्दांबरोबर उचलतो. जेथे ध्वनिवर्धकाचा वापर होतो तेथे मिक्सरच्या आउटपुटमधून आवाज थेट संगणकाकडे न्यावा व मध्ये एक लहान यूएसबी ऑडिओ इंटरफेस बसवावा. लॅपटॉपच्या माईकच्या छिद्रात मिक्सरची वायर सरळ खुपसली तर आवाज फाटतो, कारण ते छिद्र माईकच्या दुर्बल संकेतासाठी असते. असा थेट आवाज चित्राच्या किंचित आधी पोहोचतो. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर माईकपाशी एक टाळी वाजवून पाहावे, आणि हात जुळणे व टाळीचा आवाज एकत्र येईपर्यंत आवाजाला काही मिलिसेकंदांचा विलंब द्यावा.

ही जुळवाजुळव करण्यासाठी ओबीएस स्टुडिओ नावाचे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यातून यूट्यूबवर प्रक्षेपण करता येते. नव्या वाहिनीवर थेट प्रक्षेपण सुरू करण्यासाठी मोबाईल क्रमांकाची पडताळणी लागते आणि परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून कार्यक्रमाच्या सकाळी वाहिनी उघडण्याचा बेत करू नये. इंटरनेट घेताना आपण डाउनलोडचा वेग विचारतो, परंतु प्रक्षेपणाला अपलोडचा वेग लागतो. सेकंदाला ४ मेगाबिटने चित्र पाठवावयाचे असेल तर अपलोड त्याच्या निदान दुप्पट असावा. या वेगाने तासाला सुमारे १.८ गिगाबाइट डेटा खर्च होतो. वायफायऐवजी राउटरपासून संगणकापर्यंत वायरच ओढावी, कारण सभागृहात दोनशे मोबाईल आले की वायफाय गुदमरतो. कार्यक्रमाच्या आरंभी रेकॉर्ड केलेली स्तवने वाजविण्याची आपली प्रथा आहे. त्यांचे हक्क ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे असू शकतात व त्यामुळे प्रक्षेपणात अडथळा येऊ शकतो. त्याऐवजी पाठशाळेच्या मुलांकडून स्तवन म्हणवून घ्यावे. त्यांच्या आजी-आजोबांना ते अधिकच गोड वाटेल.

आता व्यवस्थेच्या दोन-तीन बाबी. शोकसभा किंवा घरगुती प्रसंगाचे प्रक्षेपण जाहीर न ठेवता, ज्यांच्याकडे दुवा आहे त्यांनाच दिसेल असे ठेवावे. लहान मुले व महिला यांचे चित्रण त्यांच्या अथवा पालकांच्या संमतीनेच व्हावे. काम संपताच भिंग झाकावे व वायर काढावी. वाहिनीचे खाते ट्रस्टच्या नावाच्या ईमेलवर असावे आणि पासवर्ड दोन विश्वस्तांकडे सीलबंद असावा. खाते एखाद्या कार्यकर्त्याच्या खाजगी नावावर असेल आणि तो नोकरीनिमित्त परगावी गेला, तर वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांच्या किल्ल्या त्याच्याबरोबर जातात. आपण तिजोरीची किल्ली अशी ठेवू काय?

हिशेबाचे म्हणाल तर, वेबकॅम, तिपाई, ऑडिओ इंटरफेस व वायरी हा खर्च देवद्रव्यातून कदापि होऊ नये. देवद्रव्याचा विनियोग ठरलेला आहे. हा खर्च साधारण खात्यातून अथवा त्याच हेतूने दिलेल्या देणगीतून व्हावा, तशी पावती फाडावी, आणि वस्तू डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदवावी. सार्वजनिक न्यासाचा पैसा समाजाचा असतो. साध्या, टिकाऊ साधनाने काम होत असताना दिखाऊ साधन घेणे हा परिग्रहच होय. माझे नम्र मत असे की, आपल्यासारख्या सभागृहाला एक मध्यम किमतीचा १०८० चा वेबकॅम पुरेसा आहे, आणि वाचलेले पैसे आवाजाच्या व्यवस्थेवर व ज्येष्ठांच्या घरी जाऊन जोडणी करून देणाऱ्या तरुणांच्या प्रवासखर्चावर लावावेत.

या शेवटच्या मुद्द्याकडे युवक मंडळाने विशेष लक्ष द्यावे. प्रक्षेपण सुरू केले म्हणजे ते पोहोचले, असे नव्हे. ऐंशी वर्षांच्या आजींना व्हॉट्सअॅपवर दुवा पाठवून त्या व्याख्यान ऐकतील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ज्यांना येणे शक्य नाही अशा सभासदांची यादी करावी आणि प्रत्येक घरासाठी एक तरुण नेमावा. पहिल्या दोन-तीन वेळा त्याने प्रत्यक्ष जाऊन पडदा लावून द्यावा, आवाज त्यांच्या कानाला जुळेल इतका करावा, आणि त्यांच्याजवळ बसून तेही व्याख्यान ऐकावे. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘काकी, आवाज नीट आला का?’ एवढे विचारावे. हा एक प्रश्न पुष्कळ आकड्यांपेक्षा मोलाचा ठरेल.

शेवटी एकच विनंती. ज्यांचे पाय चालतात त्यांनी घरी बसून पडद्यावर व्याख्यान ऐकण्याची सवय लावून घेऊ नये. साधर्मिकांच्या शेजारी खाली बसणे, वंदन करणे, ऐकल्यानंतर पायऱ्यांवर दोन शब्द बोलणे, हे कोणत्याही वायरीतून जात नाही. सभागृह भरलेले असावे आणि त्याच वेळी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या उशाशी तोच शब्द पोहोचलेला असावा, अशी व्यवस्था या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण सर्वांनी मिळून उभी करावी, अशी प्रार्थना करतो.

 बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.